वळलेली मान

युद्धाच्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत युद्ध जवळजवळ दिसतच नाही. बंगाल सैन्यातला शल्यचिकित्सक जॉन मॅककॉश याने १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धाच्या काळात कॅलोटाइप पद्धतीने छायाचित्रे घेतली. त्यांत प्रामुख्याने आहेत ती स्तब्ध बसलेली माणसे. कॅमेऱ्याचे भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. जो हलला तो धूसर झाला, जो चालत गेला तो उमटलाच नाही. फेलीचे बियातो १८५८ मध्ये लखनौला पोहोचला, तेव्हा सिकंदरबागेतली लढाई होऊन काही महिने लोटले होते. त्याच्या गाजलेल्या चित्रातले सांगाडे चित्रासाठी मांडले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

अशी चित्रे आता हलती होऊ लागली आहेत. २०२१ मध्ये ‘डीप नॉस्टॅल्जिया’ आले आणि हा खेळ घरोघरी पोहोचला. पीटर जॅक्सनने २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धावर जो रंगीत माहितीपट केला, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हाती मूळ चित्रफिती होत्या. हालचाल त्या शिपायांचीच होती. एकट्या छायाचित्रात हालचाल नसते. यंत्र ती दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यावरून उचलते. आणि गंमत अशी, की चित्र साफ करताना ते आधी धूसरपणा घालवते. माणूस खरोखर हलल्याची तेवढीच तर खूण उरलेली असते!

आमच्या मावळातून गेलेल्यांची चित्रे बहुधा स्टुडिओतली, मागे रंगवलेला पडदा असलेली. पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. कूतला २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सुमारे १३,००० जणांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांतल्या शिळांवरही तसेच: इतके गेले, इतके कामी आले.

म्हणून घरातल्या चित्राला मोल. कार्ल्याजवळच्या एका वस्तीत एका मुलाने फोनवर आपला खापरपणजा दाखवला. फेट्यातला शिपाई डोळे मिचकावत होता, मान उजवीकडे वळवून मंद हसत होता. घरातली सगळी हरखली. ऐंशी ओलांडलेली त्याची आजी तेवढी गप्प. मग म्हणाली, “आरं, आमच्या आज्याची मान त्या अंगाला वळायचीच न्हाई.” लढाईत मानेला गोळी लागून तो परतला होता.

कुणी काही बोलेना. मी मूळ चित्र मागितले. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून ते निघाले, कडा वाळवीने खाल्लेल्या. फोनमध्ये खांद्यावरच्या पितळी आकड्यांचा नुसता पिवळा डाग झाला होता. भिंगाखाली मात्र ११० स्वच्छ वाचता आले. पलटणीचा आकडा कळला, तरच नोंदवह्यांत त्याचे नाव शोधायला वाट मिळते. मुलाने तो वहीत उतरवून घेतला, आणि आजीला विचारून खाली गोळीचेही लिहिले.