पूर्ण संख्यांची तुलना

अंकांच्या स्थानिक किमतीच्या आधारे दोन पूर्ण संख्यांपैकी लहान व मोठी संख्या ठरवण्याच्या रीतीस प्राथमिक गणितात संख्यांची तुलना असे म्हणतात. चढता-उतरता क्रम व उत्तराचा अंदाज हे घटक याच रीतीवर आधारलेले आहेत.

रीत
प्रथम दोन्ही संख्यांतील अंक मोजतात. ज्या संख्येत अंक अधिक, ती मोठी, उदा., १०१२ ही संख्या ९८९ पेक्षा मोठी आहे. सुरुवातीची शून्ये मोजत नाहीत. अंकांची संख्या समान असल्यास डावीकडून एकेका स्थानावरील अंक ताडून पाहतात. जेथे प्रथम फरक आढळतो तेथेच निर्णय होतो. ४७०८ व ४७८० यांमध्ये हजार व शतक स्थानचे अंक सारखे आहेत. दशकस्थानी अनुक्रमे ० व ८ आहेत. म्हणून ४७०८ < ४७८०. एककस्थानचा ८ हा निर्णय बदलू शकत नाही.

कारणमीमांसा
उजवीकडील सर्व स्थानी ९ मांडले, तरी तयार होणारी संख्या डावीकडील लगतच्या स्थानातील एकापेक्षा १ ने कमीच असते, उदा., ९९९ व १०००. त्यामुळे डावीकडील फरक उजवीकडील अंकांनी भरून निघत नाही.

अध्यापन
३९ मध्ये ९ हा मोठा अंक दिसल्याने काही मुले ती संख्या ४१ पेक्षा मोठी मानतात. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे व सुट्या काड्या हाताळावयास दिल्यास तीन गठ्ठे व चार गठ्ठे यांतील भेद प्रत्यक्ष दिसतो. केवळ नियम पाठ केलेल्या मुलास 'का?' असे विचारल्यास त्याचे आकलन कळून येते.

मराठी संख्यानामे
मराठीत 'बहात्तर' या नावात एकक आधी व दशक नंतर येते. त्यामुळे नवशिके मूल ७२ ऐवजी २७ लिहिते. 'एकोणपन्नास' ऐकून ४९ ही संख्या पन्नाशीतील वाटते. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा समावेश झाला व त्यावर राज्यात मोठा वाद झाला. वाचन कोणतेही असो, तुलना लिखित मांडणीवरूनच करावी लागते.

चिन्हे
< व > ही चिन्हे थॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतात. चिन्हाची उघडी बाजू मोठ्या संख्येकडे असते.

मर्यादा
अंक मोजण्याचा नियम दशांश अपूर्णांकांस लागू पडत नाही, ०.२५ मध्ये अंक अधिक असूनही ती संख्या ०.३ पेक्षा लहान आहे.