अर्ध्या तासाची विश्रांती : ज्युदो, ताकद आणि दमसास

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या स्टेडियमवर सकाळी फेरी मारताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ज्युदोसाठी वजने उचलू का? आमचे प्रशिक्षक म्हणतात, ताकद वाढली की तंत्र बिघडते." मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, खेळ नव्हे. तरी हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केले. स्वतः लहान चणीचे. शक्तीचा सर्वोत्तम वापर करा, हे त्यांचे तत्त्व. आपल्या भाषेत ही कार्यक्षमता झाली. आता लक्षात घ्या, कार्यक्षमता वाढवा म्हणजे इंजिन लहान ठेवा, असे नव्हे. पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांनी मात्र तोच अर्थ घेतला.

यातला एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट फ्रीस्टाइल गटात उतरले. सुवर्णपदक मिळाले जपानच्या शोहाची इशी यांना. हे इशी मूळचे ज्युदोका. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले. खाशाबा त्यांच्याशी दीर्घ लढतीत हरले. पाठोपाठ त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्यासमोर उभे राहावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला तिथे भारतीय अधिकारी नव्हता, असे सांगितले जाते. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

मला इथे अधिकाऱ्यापेक्षा शरीर दिसते. लांबलेल्या लढतीत प्रथम पकड जाते, मग पाय. डोक्याला डाव कळतो, पण हात ऐकत नाहीत.

तालमीतली मेहनत याच कामाची होती. जोरांनी खांदे आणि छाती, बैठकांनी मांड्या, करेला-गदेने मनगट. ओढण्याची ताकद यायची ती मल्लखांब, दोर आणि हौद्यातली माती फावड्याने खणण्यातून. नुसते जोर-बैठका मारणाऱ्याकडून हा ओढीचा भाग निसटतो. ज्युदोत तर सारा खेळ जॅकेट धरून ओढण्याचा आहे.

जपानमध्ये वजनी व्यायामाचा आग्रह धरला तो डॉन ड्रेगर या अमेरिकी माणसाने. ताकाहिको इशिकावा यांच्यासह त्यांनी ज्युदोच्या प्रशिक्षण पद्धतींवर १९६२ मध्ये पुस्तक लिहिले. इसाओ इनोकुमा वजने उचलत, आणि १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ८० किलोंवरच्या गटात त्यांनी सुवर्ण जिंकले. त्याच स्पर्धेत खुल्या गटात हॉलंडच्या अंतोन गेसिंक यांनी जपानच्या कामिनागा यांना हरवले आणि निपोन बुदोकान स्तब्ध झाले. गेसिंक १९८ सेंटिमीटर उंच होतेच, पण तंत्रातही पक्के होते. "तो नुसता धिप्पाड होता म्हणून जिंकला" हे स्पष्टीकरण मला सोयीचे वाटते, खरे नाही.

आजची लढत ४ मिनिटांची. बरोबरी राहिली तर गोल्डन स्कोअर, आणि त्याला वेळेची मर्यादा नाही. डाव स्वतः एखाद्या सेकंदात संपतो. म्हणजे बल गुणिले वेग, ही शक्ती क्षणात हवी आणि ती अनेक मिनिटे पुन्हापुन्हा मिळायला हवी. नुसती जड वजने किंवा नुसते धावणे, दोन्ही अपुरे. आपल्याच मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्य जिंकले. भारताचे पॅरालिम्पिक ज्युदोतले ते पहिले पदक. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत पकड घेऊनच सुरू होते, त्यामुळे पहिल्या क्षणापासून हाताची परीक्षा.

त्या विद्यार्थ्याला मी सांगितले, वजने उचल, पण जुने जॅकेट दांडीवर टाकून त्याला लटकायलाही शीक. आणि तुमच्यासाठी स्वाध्याय : प्रयोगशाळेतला ताणकाटा घ्या. एका हाताने तो पूर्ण जोर लावून ओढा आणि आकडा लिहा. मग ४ मिनिटे जोडीदाराशी पकडीचा सराव करा आणि लगेच पुन्हा ओढा. तिसरे मोजमाप अर्ध्या तासाने घ्या.