तेंदूपत्त्याची पारख : गोरेगावचे पान मुरते, की नुसतेच जुने होते?

गोंदिया : धुराच्या व्यसनातील पारखीचा विषय निघाला, की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे उंची सिगार, देवदारी लाकडाची पेटी आणि वर्षानुवर्षे मुरवलेला तंबाखू येतो. या पारखीची एक देशी शाखा गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्यातही आहे; मात्र ती ओढणाऱ्याच्या जिभेवर नव्हे, तर जंगलातून आलेल्या पानावर चालते. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या या धानपट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो आणि बीडी चांगली की वाईट, याचा निम्मा निकाल तेथेच लागतो.

तेंदू म्हणजेच टेंभुर्णीचे झाड. बीडीचे वेष्टन म्हणून त्याचेच पान का, याचे उत्तर त्याच्या गुणांत आहे. पान आकाराने पुरेसे मोठे असते, ओलावल्यावर लवचिक होते, गुंडाळताना सहसा चिरत नाही, लवकर कुजत नाही आणि तंबाखूच्या चवीवर कुरघोडी करत नाही. सिगारचे वरचे पान स्वतः तंबाखूचेच असते व चवीत त्याचा मोठा वाटा असतो. बीडीचे पान तंबाखू नव्हे. हा भेद लक्षात घेतला, तर पुढची सारी पारख उलगडत जाते.

फळीवरची परीक्षा

हंगामापूर्वी, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेंदूची झुडपे छाटली जातात. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने फुटलेली कोवळी परंतु पूर्ण वाढलेली पाने तोडणीयोग्य ठरतात. छाटणीचा खर्च व कष्ट वाचावेत म्हणून काही ठिकाणी जंगलाला आगच लावली जाते. आगीने पान चांगले येते, ही समजूत फार जुनी आहे. वणव्याने जंगलाचे होणारे नुकसान मात्र समजुतीपुरते नसते.

मजूर कुटुंबे पहाटे जंगलात जातात, दुपारपर्यंत परततात आणि घरी बसून पुडे बांधतात. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब आहे. म्हणजे एका गोणीत ७० हजार पाने. सायंकाळी हे पुडे गावच्या फळीवर, अर्थात संकलन केंद्रावर, नेले जातात. तेथे फळीमुन्शी पुडा हातात घेऊन उलटसुलट करतो. तांबूस, अतिकोवळे पान वाळल्यावर काळवंडते व आक्रसते. जून पान जाड, खरखरीत असते आणि कापताना तडकते. किडीमुळे आलेले फोड, छिद्रे, डाग हे दोष तर नजरेलाच दिसतात. मधली शीर बारीक, बाजूच्या शिरा न उठलेल्या, हाताला मऊ लागणारे आणि एकसारख्या रंगाचे पान उत्तम गणले जाते. ही तपासणी क्षणाची असते. तिच्यात नापास झालेल्या पुड्याची मजुरी मिळत नाही, म्हणून मजुराच्या दृष्टीने तो क्षण फार मोठा असतो.

स्वीकारलेले पुडे मोकळ्या जागेत उन्हात पसरून सुमारे आठवडाभर वाळवतात व मधून मधून उलटतात. हाच काळ सर्वांत नाजूक. एखादी वळवाची सर आली, तर पान डागाळते, बुरशी धरते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. नीट वाळलेल्या पुड्यांवर पाणी शिंपडून ते नरमावतात, मग पोत्यांत दाबून भरतात. या भागात त्यांना बोद म्हणतात. पाणी कमी पडले तर भरताना पान फुटते, जास्त झाले तर पोत्यात सडते. पाण्याचे हे प्रमाण कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर हाताच्या अंदाजाने ठरते.

मुरणे आणि टिकणे

सिगारच्या जाणकारांच्या मते, उत्तम सिगार साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत व थंडाव्यात ठेवली, तर तिच्यातील अमोनियाचा उग्र दर्प ओसरतो, तिखटपणा मवाळ होतो आणि चव एकजीव होते. जोरकस तंबाखूची सिगार अनेक वर्षे सुधारत राहू शकते, तर सौम्य सिगार फार ठेवल्यास फिकी पडते. म्हणून पारखी मंडळी पेटीवरील महिना-वर्षाचा शिक्का पाहतात, सिगार बोटांनी दाबून तिचा लवचिकपणा जोखतात, न पेटवता एक झुरका घेऊन वास तपासतात आणि पेटवल्यावर सुरुवात, मध्य व शेवट यांची चव स्वतंत्रपणे नोंदवतात.

तेंदूच्या पानाला असा उत्कर्ष नाही. ते मुरत नाही. फार तर टिकते. कोरड्या गोदामात, जमिनीपासून उंचावर रचलेले बोद दीर्घकाळ वापरण्याजोगे राहतात. पण ओल लागली तर बुरशी आणि अति कोरडेपणा आला तर ठिसूळपणा, या दोन शत्रूंपैकी एक जिंकतोच. जुन्या पानाची कसोटी साधी आहे. ते पाण्यात भिजवून, निथळून, बोटाभोवती गुंडाळावे. न चिरता वळले तर पान जिवंत आहे, असे समजावे.

मुरण्याचा जो काही भाग आहे, तो आतल्या तंबाखूचा. बीडीचा तंबाखू प्रामुख्याने गुजरातमधील चरोतर आणि सीमाभागातील निपाणी येथून येतो. निरनिराळ्या तंबाखूंचे मिश्रण हे प्रत्येक कारखान्याचे खास गुपित असते. तयार बीडी मात्र मुरवली जात नाही. ती भट्टीत शेकून तिच्यातील ओलावा काढतात आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून विकतात. पानाचे छिद्रविरहित स्वरूप असे, की सतत झुरके घेतले नाहीत तर बीडी विझते. म्हणून ओढणाऱ्याला जोराने व वारंवार ओढावे लागते. पान ‘नैसर्गिक’ असल्याने बीडी सिगारेटहून सौम्य, हा समज निराधार आहे. तिच्यातून शरीरात जाणारे डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड कमी तर नसतेच, उलट अधिक असू शकते. सिगार कितीही मुरलेली असली, तरी तिचीही गोष्ट वेगळी नाही.

छाट कोणाच्या माथी?

खराब पानाची किंमत ओढणारा चुकवत नाही. ती बीडी वळणारी बाई चुकवते. हजार बिड्यांसाठी ठरावीक वजनाचे पान व तंबाखू तिला घरी मिळतात. पान ठिसूळ वा डागाळलेले निघाले, तर फर्म्यावर कापताना त्याची नासाडी होते, बिड्या कमी भरतात आणि उरलेले पान पदरच्या पैशांनी आणावे लागते. वर तयार मालातून ‘छाट’ काढली जाते. हजारात पन्नास बिड्या छाट ठरल्या, तर पाच टक्के मजुरी गेली; आणि नाकारलेल्या बिड्या परत न देता त्याही विकल्या जातात, ही देशभरातील बीडी कामगारांची जुनी तक्रार आहे.

बीडी आणि सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, १९६६ हा या दोन्ही वस्तूंना एकत्र बांधणारा कायदा होता. कच्चा माल आणि छाट यांविषयीचे वाद सोडविण्याची तरतूद त्यात होती. मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये हा कायदा वैध ठरविला. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयक संहितेत तो सामावून घेण्यात आला.

पानाच्या व्यापाराला महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज व्यापार विनियमन कायद्याची चौकट आहे. वन विभाग जंगलाचे घटक पाडून त्यांची विक्री करतो, तर २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतःचा तेंदूपत्ता विकू शकतात. दोन्हीकडे सौदा बहुधा हंगामापूर्वीच होतो. सिगारची पेटी विकत घेणारा ती हुंगून पाहतो. येथे पान फुटण्याआधीच भाव ठरतो आणि तो ठरतो त्या जंगलाच्या मागील वर्षांच्या लौकिकावर. एखाद्या वर्षी अवकाळी गारपिटीने पान फाटले, की पुढच्या लिलावात त्या घटकाकडे ठेकेदार जपूनच पाहतात.