ओट्याची उंची आणि आईचा पाट



मुलाने स्वयंपाकघर नवीन करायचं काढलंय. कोटेशन आलं. जन्मभर बँकेत कर्जाचे कागद वाचले, पण हे वाचून डोकं गरगरलं. कार्कस, शटर, डॅडो, स्कर्टिंग, हॉब! सूनबाईंनी समजावलं. कार्कस म्हणजे कपाटाचा सांगाडा, शटर म्हणजे त्याचं दार. डॅडो म्हणजे ओट्यामागच्या टाइल्स. स्कर्टिंग म्हणजे तळाची पट्टी. ती आत घेतात, म्हणजे उभं राहताना पायाला जागा मिळते. हॉब म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या बिऱ्हाडात चूल होती, तिला वैल होता, फडताळ, शिंकं आणि कोपऱ्यात मोरी. शेजारच्या गुजराती काकी मोरीला चोकडी म्हणायच्या. आई पाटावर बसून रांधायची, सगळं हाताशी.

१९८३ साली कर्ज काढून घर बांधलं, गॅस आला. मिस्त्रीला म्हटलं, ओटा बांधायचाय. तो माप घ्यायला दाराबाहेर गेला! गुजरातीत ओटलो म्हणजे घरापुढचा कट्टा. स्वयंपाकघरातला तो ‘प्लॅटफॉर्म’. खूप हसलो. त्या नादात उंचीचं कुणी बोललंच नाही. त्याने आपली नेहमीची ३४ इंच धरली. आई चार फूट नऊ इंच.

तिने तोच बसायचा पाट ओट्यापुढे टाकला आणि त्यावर उभी राहून स्वयंपाक करू लागली. मी मात्र आल्यागेल्याला सांगायचो, आता आईला वाकावं लागत नाही! एकदा मागे सरकताना पाय निसटला, मनगट मोडलं. तरी ओटा उतरवावा हे मला सुचलं नाही. पाटाखाली रबर ठोकलं.

आजच्या फिटेड किचनचं मूळ १९२६ च्या फ्रँकफर्टमध्ये मानतात. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी नव्या वसाहतींसाठी ते आखलं, आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून. बाईची पावलं वाचावीत हा हेतू. आणि त्यात बसून काम करायला फिरतं स्टूलही होतं, बरं का!

कोटेशनात शेवटी बारीक अक्षरात होतं, काउंटर हाइट ८५० मि.मी. ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा म्हणतात. मी टेप आणली, सूनबाईंना हात दुमडायला सांगितला. कोपर ३७ इंचावर. मुलगा म्हणाला, “बाबा, ते स्टँडर्ड असतं.”

मी पेन्सिलीने ८५० खोडून ८०० केलं. पाट अजून माळ्यावर आहे, रबरासकट.