चॅट्सवर्थ येथील अश्वशाला : 'ठाण' या संकल्पनेच्या प्रकाशात

इंग्रजीतील 'स्टेबल' हा शब्द लॅटिन 'स्टाबुलुम्' या शब्दापासून आलेला असून, उभे राहण्याची जागा हा त्याचा मूलार्थ होय. संस्कृत 'स्था' हा धातू त्याच कुळातील; 'स्थान'पासून सिद्ध झालेला आपला 'ठाण' हा शब्दही घोडा बांधण्याच्या जागेस लावतात. ज्याची त्याची जागा नेमून देणे हा या शब्दकुळात सूचित होणारा अर्थ डर्बीशर परगण्यातील चॅट्सवर्थच्या अश्वशालेत जणू दगडात उतरला आहे.

डेव्हनशरचा चौथा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश (१७२०–१७६४) हा १७५६-५७ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. वाड्यातून दिसणारी जुनी अश्वशाला व गावातील काही घरे त्याने पाडविली आणि स्थपती जेम्स पेन याजकडून वाड्याशेजारच्या चढावर नवी अश्वशाला उभारविली. सुमारे १९० फूट लांबीरुंदीची ही दुमजली चौसोपी वास्तू असून, तिला डोरिक स्तंभांचे प्रवेशद्वार व त्यावर घड्याळाचा मनोरा आहे. माणसांची घरे दृष्टिआड झाली आणि घोड्यांचे घर मात्र शोभेचे स्थान पावले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आतील रचनाही अशीच बोलकी आहे. तळमजल्यावर ऐंशी घोड्यांची ठाणे व लोहारशाळा होती. वरच्या मजल्यावर दाणावैरणीची कोठारे आणि तेथेच मोतद्दारांचे बिऱ्हाड. एका खोलीच्या दारावर 'थर्ड पोस्टिलियन' अशी अक्षरे पुढील काळातही राहून गेली होती. पोस्टिलियन म्हणजे गाडीच्या घोड्यावर स्वार होऊन ती हाकणारा सेवक. हा त्यांतील तिसरा. दारावर त्याचे नाव नाही, केवळ क्रमांक आहे. घोड्याप्रमाणे माणसासही ठाण नेमलेले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

१९३९ मध्ये शेवटचे घोडे गेले. पुढे वास्तूचा उपयोग कोठार व मोटारखाना म्हणून झाला, सेवकांच्या खोल्यांतून निवासाची सोय करण्यात आली आणि १९९१ मध्ये येथे उपाहारगृह सुरू झाले. अशा वास्तूंचा इतिहास बहुधा धनी व स्थपती यांच्या नावांनीच लिहिला जातो. परंतु मनोऱ्याइतकीच दारावरची ती दोन शब्दांची पाटीही अभ्यासकाने वाचावयास हवी. त्या व्यवस्थेचे व्याकरण तीत अधिक नेमकेपणाने नोंदलेले आहे.