सूक्ष्मशैवालापासून जैवडिझेल : हिरव्या पाण्यातील तेलाचा हिशेब

बडोद्यातील दांडिया बाजार हा मराठी कुटुंबांच्या वस्तीचा जुना भाग. त्याला लागूनच दगडी काठांचा सूरसागर तलाव आहे. अशा बंदिस्त शहरी तलावांचे पाणी हिरवे पडू लागते, त्यामागे सूक्ष्मशैवाल असते. डोळ्यांना सुटे न दिसणारे हे जीव सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांच्या काही जाती या अन्नाचा मोठा भाग तेलाच्या रूपाने साठवितात. त्या तेलापासून डिझेल इंजिनासाठी इंधन बनविता येते.

तेलापासून इंधन

सुकविलेल्या शैवालातून प्रथम तेल काढले जाते. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या उत्प्रेरकाच्या सान्निध्यात त्याची मिथेनॉलशी अभिक्रिया घडविली, की जैवडिझेल आणि ग्लिसरीन वेगळे होतात. साधारण १०० किलो तेल व १० ते ११ किलो मिथेनॉल यांपासून सुमारे १०० किलो जैवडिझेल मिळते.

करंज किंवा मोगली एरंडाला फळ धरण्यास काही वर्षे लागतात. शैवालाची काढणी मात्र काही दिवसांच्या अंतराने करता येते. त्यासाठी सुपीक जमीन लागत नाही; खारे पाणी किंवा सांडपाणीही चालते. एक किलो सुके शैवाल तयार होताना सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड शोषला जातो.

अडचण पाण्याची

इतके गुण असूनही हे इंधन पंपावर आलेले नाही, याचे मुख्य कारण पाण्यात आहे. उघड्या, उथळ कुंडांत एक लिटर पाण्यामागे साधारण अर्धा ग्रॅम सुके शैवाल मिळते. त्यात २५ टक्के तेल धरले, तर एक किलो तेलासाठी ८,००० लिटर पाणी गाळावे लागेल. पंप, गाळणी आणि सुकवणी यांवर खर्ची पडणारी ऊर्जा मिळणाऱ्या इंधनाचा लाभ खाऊन टाकते. शैवालाला नायट्रोजन कमी दिला, तर तेलाचे प्रमाण वाढते. पण वाढ मंदावते. नैसर्गिक तलावात तर शैवाल याहून पुष्कळ विरळ असते, आणि तेथे बहुधा माजणाऱ्या नीलहरित जातींत तेल कमी असते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ पासून चालविलेला याविषयीचा संशोधन कार्यक्रम १९९६ मध्ये थांबविला. एक्झॉनमोबिलने २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून हाती घेतलेल्या शैवाल संशोधनाचे अर्थसाहाय्यही २०२३ पर्यंत बंद झाले.

भावनगरचा प्रयोग

खर्च कमी करण्याचा एक मार्ग गुजरातेतच शोधला गेला. भावनगर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने पश्चिम किनाऱ्यावर आपोआप साचणारे शैवालाचे थर आणि मिठागरांत वाढविलेले क्लोरेला जातीचे शैवाल यांपासून जैवडिझेल तयार केले. त्याच्या मिश्रणावर २०१२ मध्ये मोटार चालवूनही दाखविण्यात आली. समुद्राचे पाणी, नापीक जमीन व सुकवणीसाठी ऊन या तिन्ही गोष्टी मिठागरात मुळातच असतात, हे या पद्धतीचे बळ. तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचा उपयोग करण्यावरही तेथे भर होता.

पुढे काय?

केंद्राच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले असून प्रगत जैवइंधनांत शैवालाचाही समावेश केला आहे. परंतु केवळ तेलासाठी शैवाल पिकविणे आज परवडत नाही. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाशी त्याची जोड घातली, तर पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस शैवालाचे खाद्य ठरतात आणि खर्चाचा काही भार शुद्धीकरणाच्या खाती जातो.

पेडणे, बार्देश व तिसवाडीतील मिठागरांची परंपरा पाहता गोव्याच्या दृष्टीने भावनगरचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. मात्र आपल्याकडील दीर्घ पावसाळ्यात उघडी कुंडे चालत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे लागेल. राहता राहिले गावातले तळे. त्याचे पाणी हिरवे झाले, तर आधी त्यात कोठून पोषकद्रव्ये मिसळतात ते शोधून थांबविणे आवश्यक असते. त्या पाण्यातून तेल काढण्याच्या आशेवर तळे तसेच सोडणे हिशेबात बसत नाही.