फादर स्टीफन्सच्या ओव्या आणि हूफडॉर्पची मुलं

ख्रिस्तपुराण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातली मराठीची स्तुती आठवेल. सोळाव्या शतकात गोव्यात आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स, आणि त्याला आपली भाषा किती आवडली! मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम पुण्यात असो की ॲमस्टरडॅममध्ये, त्यातल्या चार ओव्या कोणीतरी हटकून म्हणतंच. त्यांच्या मागेपुढे आणखी जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, तिकडे मात्र फारसं कोणी फिरकत नाही. या ओव्या कपाटात जपून ठेवायला लिहिल्या नव्हत्या, हेही सहसा सांगितलं जात नाही. त्या रविवारी चर्चमध्ये जमलेल्या लोकांसाठी लिहिल्या होत्या.

मी त्यांच्याकडे पुन्हा वळले ती हूफडॉर्पमध्ये राहायला आल्यावर. इथे आमच्या ओळखीचं वसईचं एक कॅथलिक कुटुंब आहे. मुलगी सात वर्षांची, डच शाळेत जाते आणि यंदा तिचं फर्स्ट कम्युनियन आहे. त्या तयारीच्या वर्गात ती डच गाणी शिकते. घरी आई रोझरी मराठीत म्हणते. वडिलांचं मत, इंग्रजी बरी, उद्या बदली कुठेही झाली तरी अडायला नको. आणि वसईहून आजी दर रविवारी फोनवर एकच विचारते, पोर गाणं कुठल्या भाषेत म्हणते? ‘तुम्ही इतिहासवाले, तुमचं काय म्हणणं?’ असं त्यांनी मला विचारलं. माझं संशोधन वेगळ्याच विषयात आहे, पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो आजचा नाहीच, तो चारशे वर्षांचा आहे.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात पोचला आणि पुढची चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तिथेच राहिला. त्यातला बराच काळ साष्टीत गेला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनला जवळची आहे असं नोंदवलं. पण तो काही निव्वळ भाषाप्रेमाचा काळ नव्हता. साष्टीतली देवळं पाडली गेली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं होतं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पोथ्या घरात ठेवायला बंदी होती. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच त्याचे पडसाद आहेत. चर्चमध्ये धर्मपाठ चालू असतो, तिथे नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो: आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही?

हा प्रश्न मला त्या भाषास्तुतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो माणूस श्रद्धेबद्दल शंका घेत नाही. त्याची तक्रार अशी की संध्याकाळी बसून ऐकायला काही उरलेलं नाही. स्टीफन्सने ते ऐकलं. त्याने ओवी घेतली, तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड. प्रकरणांना नाव दिलं ‘अवस्वरू’. पहिल्या पुराणात ३६, दुसऱ्यात ५९. १६१६ मध्ये राचोल इथे, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतल्या रायतूरला, ते छापून निघालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मिस्सा लॅटिनमध्येच राहिली. वेदीवरची भाषा एक आणि वेदीखाली बसलेल्या लोकांना समजावण्याची दुसरी, अशी ही दुमजली व्यवस्था होती. मराठी आणि कोकणी राहायच्या त्या खालच्या मजल्यावर, आणि मुलंही तिथेच. १५४२ मध्ये आलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन गल्लीगल्लीतून मुलं गोळा करायचा आणि धर्मपाठ त्यांच्याकडून चालीत म्हणवून घ्यायचा. स्टीफन्सने कोकणीत लिहिलेलं प्रश्नोत्तरांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये छापलं गेलं. ते मुलांना शिकवण्यासाठी आहे असं त्याच्या नावातच म्हटलं आहे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथला मेस्त म्हणजे गायनमास्तर मुलांना धर्मपाठाबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. (थोडं विषयांतर. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही हिंदी चित्रपटसंगीतातली वादक-संयोजक मंडळी गोव्याच्या याच संगीतपरंपरेतली. गाडीत तुम्ही जुनी गाणी लावता तेव्हा त्यामागचा व्हायोलिनांचा ताफा थोडाफार या चर्चशाळांचंही देणं आहे.)

पुढे वारं फिरलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात लग्नघरात ओव्या गाण्यालाही बंदी आली. गंमत बघा, सव्वाशे वर्षांपूर्वी जी ओवी चर्चने स्वतः उचलून घेतली होती, तीच आता बायका घरात गातात म्हणून गुन्हा ठरली. मला यात धर्मापेक्षा धास्ती जास्त दिसते. चर्चमधल्या ओवीत काय आहे ते आधी तपासता यायचं. लग्नाच्या आदल्या रात्री बायका काय गातात ते कोण तपासणार?

आता मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग. ख्रिस्तपुराण तीनदा छापलं गेलं: १६१६, १६४९ आणि १६५४. या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ते आपल्यापर्यंत आलं कसं? इन्क्विझिशन, दुष्काळ, कर, लढाया अशा अनेक कारणांनी गोव्यातली कुटुंबं दक्षिणेला कानडी मुलखात, मंगळूरच्या बाजूला जाऊन वसली. जाताना त्यांनी या पुराणाच्या हस्तलिखित प्रती नेल्या. तिथे त्यांच्या पुन्हा नकला झाल्या आणि त्या वाचल्या गेल्या. ज्या मुलखात रोजची भाषा कानडी आणि तुळू, तिथे ही मराठी ओवी पिढ्यान्‌पिढ्या टिकली. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरला जी आवृत्ती छापली, ती अशा हस्तलिखितांवरूनच. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणलं. म्हणजे ग्रंथ मूळ गावी हरवला आणि परगावी गेलेल्यांच्या घरात राहिला. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावरून लगेच छाती फुगवू नये. त्या कुटुंबांनी ‘वारसा जपूया’ म्हणून काही केलं नव्हतं. त्यांना तो ग्रंथ उपवासकाळात वाचायला लागत होता.

आता गोव्यातून उत्तरेला, माझ्या शेजाऱ्यांच्या वसईकडे. तिथे १५३४ पासून पोर्तुगीज होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण कॅथलिक गावं राहिली. पुढची सव्वादोनशे वर्षं त्यांची मिस्सा लॅटिनमध्येच चालली, घरात सामवेदी, वाडवळी नाहीतर कोळी बोली असली तरी. १९०३ मध्ये पोप पायस दहावे यांनी चर्चसंगीताचे नियम घालून दिले. त्यानुसार गायकवृंदात स्त्रियांना जागा नव्हती. वरच्या पट्टीसाठी मुलगे घ्यावेत असं ठरलं. म्हणजे न कळणाऱ्या भाषेत सर्वांत उंच सूर लावायचं काम मुलांकडे आलं. ती मुलं ते मन लावून करत, आणि वसईत म्हातारपणीही लॅटिन सूर विसरू न शकलेली माणसं भेटतात. तेव्हा ‘कळत नाही म्हणून टिकत नाही’ असं सरसकट म्हणणं इतिहासाला धरून नाही.

प्रॉटेस्टंटांचं तसं नव्हतं. त्यांना रोमच्या परवानगीची वाट बघायची नव्हती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भजन, अभंग, कीर्तन हे सगळं घेऊन ख्रिस्ती उपासना मराठी केली होती. कॅथलिकांसाठी दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर झाला. त्यात लोकभाषेला जागा दिली गेली आणि जिथे स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिचा मान राखावा असंही म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी मुंबईत युकॅरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप पॉल सहावे स्वतः आले. अंधेरीत राहणारे जर्मन धर्मगुरू जॉर्ज प्रोक्श तोवर हिंदी भजनं रचत होते, ख्रिस्तकथेवर नृत्यनाट्यं बसवत होते. १९६९ मध्ये भारतीय उपासनेसाठी बारा मुद्दे मान्य झाले. हात जोडून वंदन, आरती, मांडी घालून बसणं चर्चमध्ये आलं. पेटी आणि तबलाही आले. त्यावर वादही झाले, कारण अनेक जुन्या कॅथलिकांना आरती म्हणजे शेजारच्या देवळातली गोष्ट वाटे. मला ते वाद समजतात. पण स्टीफन्सच्या ओवीनंतर साडेतीनशे वर्षांनी मराठी वरच्या मजल्यावर पोचली, वेदीपाशी, हे त्या वादात विसरलं गेलं.

अगदी त्याच वर्षांत इथे, हूफडॉर्पपासून अर्ध्या तासावर, ॲमस्टरडॅममध्ये तेच घडत होतं. डच कॅथलिकांनी सुधारणेनंतरची दोन शतकं लपूनछपून प्रार्थना केली होती. माळ्यावरची चर्चं तिथे आजही बघता येतात. बिशपांची व्यवस्था पुन्हा सुरू झाली १८५३ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी हार्लेमरमेर हे तळं वाफेच्या पंपांनी पूर्ण उपसलं गेलं होतं. आपलं हूफडॉर्प त्या तळ्याच्या तळावर वसलं आणि १८६८ पर्यंत त्याचं नाव होतं क्राउसडॉर्प. म्हणजे क्रुसाचं गाव, पण हा क्रूस दोन रस्त्यांचा, धर्माचा नव्हे.

ॲमस्टरडॅमच्या इग्नेशियस कॉलेजात बर्नार्ड हाउबर्स नावाचे जेझुइट संगीतशिक्षक होते. त्यांचं म्हणणं असं की गायकवृंदाने गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही उपासना नव्हे. जमलेल्या साध्या माणसाला पहिल्या ऐकण्यात उचलता येईल अशी चाल हवी. शब्द लिहिले हूब ओस्टरहाउस यांनी. ते १९३३ चे, तेही जेझुइट, म्हणजे स्टीफन्सच्याच संघाचे. दोघांनी मिळून डच चर्चगीताचा चेहरा बदलला. पुढे दोघेही संघाबाहेर पडले, ओस्टरहाउस तर रोमशी भांडून, पण गाणी राहिली. ती प्रॉटेस्टंटांच्या गीतसंग्रहातही गेली. २०२३ मध्ये ओस्टरहाउस वारले तेव्हा डच वर्तमानपत्रांनी त्यांची दखल कवी म्हणून घेतली.

आणि तरीही चर्चं रिकामी झाली. लोकभाषा, सोपी चाल, कवीचे शब्द, तरुणांचे गायकवृंद, सगळं होतं. नेदरलँड्समध्ये एकेका चर्चची आता पुस्तकांची दुकानं, घरं, कचेऱ्या झाली आहेत. उलट मंगळूरच्या घरात बाजारात कोणीच बोलत नसलेल्या भाषेतली ओवी शतकानुशतकं टिकली. मी शेजाऱ्यांना हेच सांगितलं. शाळेत डच शिकू द्या, ती गाणी चांगली आहेत आणि तिच्या मैत्रिणी तीच म्हणणार. मराठीचं काम चर्च करणार नाही, ते गोव्यातही शेवटपर्यंत चर्चने केलं नाही. ते संध्याकाळी घरात होतं किंवा होत नाही. वडिलांना उत्तर फारसं पटलं नाही. इंग्रजीचं काय, असं त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, ती तशीही येईल.

एक अडचण मात्र मला आधी सुचली नव्हती, ती आईने दाखवली. मुलीला देवनागरी वाचता येत नाही. स्टीफन्सलाही हीच अडचण होती, वेगळ्या अर्थाने. राचोलच्या छापखान्यात आपली अक्षरं नव्हती. १६०८ मध्ये त्याने वरिष्ठांना पत्र लिहून या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती, पण काम झालं नाही. म्हणून ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं गेलं, पोर्तुगीज वळणाने, ‘श’साठी एक्स वापरून. शेजारच्या बाईंनी परवा मुलीसाठी मराठी गाण्याचा कागद तयार केला, तोही रोमन लिपीत. पहिल्यांदा त्यांनी तो इंग्रजी वळणाने लिहिला, तर मुलीने सगळे उकार वेगळेच काढले. मग दोघींनी मिळून तो पुन्हा लिहिला, डच वळणाने: ‘श’साठी एस आणि जे, ‘ऊ’साठी ओ आणि ई. तो कागद आता फ्रिजच्या दारावर लावला आहे.